नाळ तुटली, गाठ राहिली

युद्धानंतरच्या सत्तर वर्षांत दक्षिण कोरियातून सुमारे दोन लाख मुले परदेशी घरांत दत्तक गेली. ती मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत, काहींचे केस पिकले आहेत. जन्म देणाऱ्या आईला शोधावे की तिला सुखाने राहू द्यावे, हा प्रश्न मात्र त्यांची पाठ सोडत नाही.

इंचॉनच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या खिडकीशी एक प्रसंग वर्षानुवर्षे घडत आला आहे. चाळिशीची एक बाई रांगेतून पुढे येते. चेहरेपट्टी अस्सल कोरियन. खिडकीमागचा अधिकारी तिच्याशी सहजपणे कोरियन भाषेत बोलू लागतो. ती गोंधळते, ओशाळते आणि इंग्रजीत सांगते, की तिला कोरियन येत नाही. अधिकारी पासपोर्ट उघडून पाहतो. नाव डॅनिश, आडनाव डॅनिश; जन्मस्थान मात्र सेऊल. मग काय ते त्याच्या लक्षात येते. तो काही न बोलता शिक्का मारतो.

डेन्मार्कमध्ये ती वाढली, तिथेच शिकली, तिथेच तिचे लग्न झाले. तरी तिथे कोणाशीही नवी ओळख झाली, की दुसरा प्रश्न ठरलेला असतो : ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ आणि जिथली ती मूळची, तिथे तिला वाटही विचारता येत नाही. अशा बाया आणि असे पुरुष अमेरिकेत आहेत, फ्रान्समध्ये आहेत, स्वीडन, नॉर्वे, हॉलंड, बेल्जियम आणि ऑस्ट्रेलियातही आहेत. एका देशाने आपली इतकी मुले दुसऱ्यांच्या ओटीत घातल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

शेतकऱ्याची आठ मुले

या कथेची सुरुवात दयेतून झाली. १९५० ते १९५३ या तीन वर्षांच्या युद्धाने कोरिया उद्ध्वस्त झाला होता. अनाथालये भरून वाहत होती. त्यांतली काही मुले अमेरिकन सैनिकांपासून कोरियन स्त्रियांना झालेली. वंशाच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजात त्यांना थारा नव्हता.

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात हॅरी होल्ट नावाचा शेतकरी राहत होता. पत्नी बर्था आणि पोटची सहा मुले असा त्याचा भरला संसार. कोरियातल्या या मुलांची दशा पाहून नवरा-बायकोने आणखी आठ मुले दत्तक घ्यायचे ठरवले. अमेरिकेचा कायदा एवढ्या मुलांना परवानगी देत नव्हता, म्हणून १९५५ साली तिथल्या संसदेने खास कायदा केला आणि होल्ट आठ मुले घेऊन घरी आला. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. आम्हालाही असे मूल हवे, अशी पत्रे येऊ लागली. पुढच्याच वर्षी होल्ट दांपत्याने दत्तकाची संस्था सुरू केली.

युद्धाची अनाथ मुले काही वर्षांत संपली, पण विमाने थांबली नाहीत. कोरियात कारखाने उभे राहिले. खेड्यांतल्या तरुण मुली शहरांत कामाला आल्या. त्यांतल्या ज्या लग्नाआधी आई झाल्या, त्यांच्यासाठी ना सरकारची मदत होती, ना माहेरचे दार उघडे होते. गरीब घरांतली तिसरी-चौथी मुलगी, बाप वारल्यावर आईला न पोसवणारी भावंडे, घटस्फोटानंतर आजीने परस्पर देऊन टाकलेली नातवंडे, अशी मुलेही यात होती. ‘मूल श्रीमंत देशात जाईल, शिकेल, सुखात राहील,’ असे आईला समजावले जाई. १९८० च्या दशकात वर्षाला सरासरी सहा हजारांहून अधिक मुले परदेशी गेली. एकट्या १९८५ साली ८,८३७. हा देश तेव्हा गरीब राहिलेला नव्हता. तीनच वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याने ऑलिंपिक भरवले. स्पर्धा पाहायला आलेल्या परदेशी पत्रकारांनी कोरियाला डिवचले, की तुमच्या निर्यातीच्या मालात मुलेही आहेत. तेव्हा कुठे राज्यकर्त्यांना लाज वाटू लागली.

कागदावरचे अनाथ

परदेशी जाण्यासाठी मूल अनाथ असावे लागे. मग जी अनाथ नव्हती त्यांना कागदावर अनाथ करण्यात आले. कोरियात प्रत्येक माणसाची नोंद त्याच्या कुटुंबाच्या दप्तरात असे. दत्तक जाणाऱ्या मुलासाठी एक स्वतंत्र दप्तर उघडले जाई. त्यात आई नाही, बाप नाही, आजोबा नाहीत. ते मूलच आपल्या घराण्याचे पहिले आणि एकटे माणूस. जणू आभाळातून पडले. पुष्कळांच्या फायलीत ‘रस्त्यात सापडले’ एवढेच लिहिलेले असते. जन्मतारीख अनाथालयाने अंदाजाने घातलेली, नाव तिथल्याच कोणी ठेवलेले.

कोरियात बाळंतिणीला समुद्रशेवाळाचे कढण देतात, आपल्याकडे डिंकाचे लाडू नि अळिवाची खीर देतात तसे. पुढे दर वाढदिवसाला तेच कढण मुलाला देतात. आईने काय सोसले त्याची आठवण म्हणून. ज्याची जन्मतारीखच अंदाजाची, त्याने ते कढण कोणत्या दिवशी प्यावे?

दीआन बोर्शे लीम यांची कहाणी याहून विलक्षण आहे. त्या आता अमेरिकेतल्या नावाजलेल्या माहितीपटकार आहेत. १९६६ साली त्या कॅलिफोर्नियातल्या बोर्शे कुटुंबात दत्तक आल्या, त्या ‘चा जंग ही’ या नावाने. बोर्शे दांपत्य या नावाच्या मुलीला आधीपासून पैसे नि पत्रे पाठवत होते. तिच्यावर माया जडली म्हणून त्यांनी तिला दत्तक घ्यायचे ठरवले. पण दरम्यान खऱ्या चा जंग हीला तिचा बाप घेऊन गेला होता. कागदपत्रे तयार होती. अनाथालयाने तिच्या नावावर दुसरीच मुलगी विमानात बसवली आणि तिला बजावले, की तू कोण ते सांगायचे नाही.

मुलीने इंग्रजी शिकल्यावर नव्या आईला सांगून पाहिले : मी ती नव्हे, मला आई आहे, भावंडे आहेत. आईला वाटले, लेकीला स्वप्न पडले असेल. हळूहळू मुलीलाही तसेच वाटू लागले. तरुणपणी फाईल हाती आली, तेव्हा तिच्यात एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या मुलींचे फोटो होते. तिचे खरे नाव कांग ओक जिन आणि तिची आई जिवंत होती. या साऱ्यावर त्यांनी २००० आणि २०१० साली दोन माहितीपट केले. त्यांतला दुसरा तर, जिच्या नावावर आपण आयुष्य काढले त्या खऱ्या चा जंग हीच्या शोधाचा आहे.

शोधायचे तरी कशाला?

अशा फायली ज्यांच्या हाती येतात, त्यांच्या मनात काय होत असेल याची कल्पना सहज येणार नाही. बाहेरच्याला वाटते, आईला शोधण्यात विचार तो काय करायचा? पण दत्तक गेलेल्यांतले कित्येक जण वर्षानुवर्षे हा विषय टाळतात.

पहिले कारण म्हणजे वाढवणारे आई-वडील. ज्यांनी तापात रात्री जागवल्या, सायकल शिकवली, कॉलेजची फी भरली, त्यांना न दुखवता ‘मला माझी आई शोधायची आहे’ हे वाक्य बोलायचे कसे? ‘माझी आई’ म्हणताच समोरच्या आईच्या चेहऱ्यावर काय उमटेल, ही धास्ती असते. म्हणून पुष्कळ जण म्हातारी माणसे जाईपर्यंत थांबतात. तोवर तिकडचीही जन्मदाती थकलेली असते, कधी गेलेली असते.

दुसरी भीती नकाराची. एकदा आपल्याला सोडून दिले हे मनाने कसेबसे पचवलेले असते. दुसऱ्यांदा, पत्ता सापडल्यावर, नाव-गाव कळवल्यावर तिने ‘नको’ म्हटले तर? पहिल्या वेळी निदान आपण तान्हे होतो.

तिसरी भीती तिच्यासाठी. तिचे पुढे लग्न झाले असेल. नवऱ्याला, सासरला, मोठ्या झालेल्या मुलांना यातले काही ठाऊक नसेल. चाळीस वर्षे जपलेले गुपित आपल्या एका पत्राने उघडे पडले, तर तिचा संसार मोडेल. आईवर राग असलेली माणसेही या विचाराने लिहिता लिहिता हात आखडता घेतात.

आणि काहींना खरोखरच गरज वाटत नाही. फ्लर पेलरँ यांचे उदाहरण घ्या. १९७३ साली सेऊलमध्ये जन्मलेली ही मुलगी सहा महिन्यांची असताना फ्रेंच घरात गेली आणि २०१२ साली फ्रान्सची मंत्री झाली. कोरियात केवढा आनंदीआनंद झाला! २०१३ साली त्या सेऊलला आल्या तेव्हा त्यांच्या मागे कॅमेऱ्यांची झुंबड होती. पण आपण फ्रेंच आहोत, आपले आई-वडील फ्रान्समध्ये आहेत आणि जन्मदात्यांचा शोध घेण्याची आपल्याला ओढ नाही, ही भूमिका त्यांनी स्पष्टपणे मांडली. त्यात कडवटपणा नव्हता. तरीही पुष्कळांना ते पटले नाही. शोधणाऱ्याला कृतघ्न म्हणणारे जसे भेटतात, तसे न शोधणाऱ्याला पाषाणहृदयी म्हणणारेही भेटतात.

मग एखादे दिवशी काहीतरी घडते. डॉक्टर विचारतात, ‘घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब?’ आणि उत्तर देता येत नाही. किंवा पोटी मूल येते. बाळाच्या नाकाकडे, कानाकडे पाहता पाहता त्या आईच्या ध्यानात येते, की आपल्यासारखे दिसणारे माणूस आपण आयुष्यात पहिल्यांदा पाहतो आहोत. त्या क्षणी रागही बदलतो. ‘तिने मला दिलेच कसे?’ या प्रश्नाची जागा ‘देताना तिला काय झाले असेल?’ हा प्रश्न घेतो.

शोध कसा चालतो?

पूर्वी दत्तक देणाऱ्या संस्थेकडे अर्ज करावा लागे. कोणाला फाईल दिसे, कोणाला अर्धी दिसे. जुलै २०२५ पासून दत्तकाचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला असून कागदपत्रे बालहक्कांच्या राष्ट्रीय केंद्राकडे सोपवली जात आहेत. फाईलमध्ये आई-बापांचे नाव असेल तर त्यांचा सध्याचा पत्ता सरकारी नोंदींतून काढतात आणि त्यांना पत्र पाठवतात. उत्तर आले नाही तर पुन्हा पाठवतात. त्यांनी होकार दिला तरच नाव-पत्ता मुलाला मिळतो. नकार आला, किंवा पत्रे अनुत्तरित राहिली, तर फाईल मिटते.

फाईलमध्ये काहीच नसेल तर रक्ताची चाचणी उरते. परदेशातल्या कोरियन वकिलातींत २०२० पासून डीएनएचे नमुने देण्याची सोय झाली आहे. पण जुळणी व्हायला दुसऱ्या बाजूनेही कोणी नमुना दिलेला असावा लागतो. काही जण आपल्या सापडण्याच्या जागी, बाजारात किंवा पोलीस चौकीशेजारी, लहानपणीच्या फोटोची पत्रके वाटत फिरतात. २०१२ पासून सुमारे १५ हजार जणांनी कोरियाकडे शोधासाठी मदत मागितली. नातलगांची भेट झाली ती त्यांतल्या एक पंचमांशाहून कमी जणांची.

आईच्या बाजूने

या गोष्टीत आई बहुधा गप्प असते. तिला बोलायची मुभाच नव्हती. ‘विसरून जा, नवा संसार मांड,’ असे तिला सांगितले गेले. पण सगळ्याच आयांनी मुले दिली नव्हती, हे आता उघड झाले आहे.

चाँगजू शहरातल्या हान ते-सून यांची गोष्ट जगभर गेली. मे १९७५ मध्ये त्या बाजाराला निघाल्या होत्या. थोरल्या लेकीला विचारले, ‘येतेस?’ लेक म्हणाली, मी इथेच खेळते. बाजारातून परत आल्या तेव्हा अंगणात लेक नव्हती. एका अनोळखी बाईने तिला रेल्वेत बसवून दुसऱ्या गावी नेऊन सोडले होते. पोलिसांकडून ती अनाथालयात गेली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत पोचली. इकडे आई पत्रके छापत होती, अनाथालये पालथी घालत होती, दूरदर्शनवर जात होती. तिकडे लेक, आपण घरात नकोशा होतो, या समजुतीत वाढत होती.

चव्वेचाळीस वर्षांनी, २०१९ साली, डीएनए जुळले. लेक विमानातून उतरली. हान ते-सून यांनी तीस वर्षे केस कापण्याचा व्यवसाय केला होता. त्यांनी लेकीच्या केसांतून हात फिरवला आणि त्या स्पर्शावरून खात्री करून घेतली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

सिनेमा इथे संपला असता. आयुष्य इथे संपत नाही. लेकीला कोरियन येत नाही, आईला इंग्रजी येत नाही. सत्तरी ओलांडलेली आई वहीत इंग्रजी शब्द लिहून पाठ करू लागली. फोनवर चार वाक्ये झाली की दोघींचे शब्द संपतात. लेक सापडली, पण लेकीशी पोटभर बोलता येत नाही, हे दुःख हरवण्याच्या दुःखाशेजारी येऊन बसले. २०२४ साली त्यांनी सरकारवर दावा लावला.

भेट झाल्यानंतर

भेटीचे फोटो सुंदर येतात. २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये टोबी डॉसन या अमेरिकन स्कीपटूने कांस्यपदक मिळवले आणि कोरियातून कितीतरी लोक ‘तो आमचा मुलगा’ म्हणून पुढे आले. तीन वर्षांचा असताना तो बुसानच्या बाजारात हरवला होता आणि कोलोरॅडोतल्या स्कीइंग शिकवणाऱ्या दांपत्याने त्याला वाढवले होते. अनेक दावेदारांतून खरा बाप कोणता, हे डीएनएने ठरवले. फेब्रुवारी २००७ मध्ये सेऊलला पत्रकारांच्या गर्दीत बाप-लेक भेटले. बाप बुसानमध्ये बस चालवत असे. दोघांच्या गालांवरचे कल्ले अगदी एकसारखे! लेकाने ते हसत हसत सांगितले आणि सारे हसले. पुढे हाच डॉसन कोरियाच्या संघाचा प्रशिक्षक झाला.

पण फोटो काढून झाल्यावर काय? अनेकांना भेटीनंतरचे महिने सर्वांत अवघड जातात. आई ताटात वाढत राहते, हात धरून बसते, रात्री शेजारी झोपवते; तिच्या लेखी मूल अजून तेवढेच आहे. समोर मात्र पंचेचाळीस वर्षांचे परके माणूस असते, ज्याला इतक्या जवळिकीची सवय नाही. कोरियन घरात थोरल्या मुलाकडून, लेकीकडून काही अपेक्षा असतात : सणाला यावे, आजारपणात पाहावे, पैशाचा हातभार लावावा. त्या अपेक्षा बोलून दाखवल्या जात नाहीत, आणि परदेशात वाढलेल्याला न बोललेले कळत नाही. मग दोन्हीकडून रुसवे येतात. काही नाती टिकतात, काही पत्रांवर येतात, काही वर्षाच्या एका शुभेच्छेवर.

दीआन बोर्शे लीम यांनी एक धाडस केले. अमेरिकन आई-वडिलांना सोबत घेऊन त्या कोरियातल्या घरी गेल्या. एका खोलीत दोन आया समोरासमोर बसल्या. हा प्रसंग त्यांच्या पहिल्या माहितीपटात आहे. दोन आयांना मनात एकाच वेळी जागा देता येत नाही, ही आपली अडचण त्या त्यात प्रांजळपणे मांडतात. आपण लहानपणापासून कृष्णाची गोष्ट ऐकतो. देवकीही त्याची आणि यशोदाही त्याचीच. गोष्टीत ते सोपे वाटते. पण त्याच परंपरेत कर्णही आहे. कुंती भेटायला आली तेव्हा त्याने तिला जे ऐकवले, ते आठवले की दीआन यांची अडचण कळते.

दाराआडचा बाप

कारा बॉस यांच्या बाबतीत तर भेट व्हायलाच कोर्टात जावे लागले. नोव्हेंबर १९८३ मध्ये गोएसान गावातल्या बाजाराच्या वाहनतळावर दोन वर्षांची एक मुलगी एकटी सापडली. पुढच्या वर्षी ती अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये दत्तक गेली. मोठेपणी लग्न होऊन ती हॉलंडला स्थायिक झाली. स्वतःची मुलगी दोन वर्षांची झाली, तेव्हा त्या वयाचे मूल आईला कसे बिलगलेले असते ते तिने पाहिले, आणि तिचा शोध सुरू झाला.

डीएनएच्या आधारे ती एका वृद्ध माणसापर्यंत पोचली. तिला त्याच्याकडून ना पैसा हवा होता, ना घर. ‘माझी आई कोण?’ एवढेच विचारायचे होते. घरच्यांनी दार उघडले नाही. कोरियाच्या कायद्यात आईबापांच्या गुपिताला संरक्षण आहे. पण पितृत्वाचा दावा लावला तर न्यायालय चाचणीचा आदेश देऊ शकते. तिने दावा लावला. १२ जून २०२० रोजी सेऊलच्या कुटुंब न्यायालयाने तो ८५ वर्षांचा माणूसच तिचा पिता असल्याचा निकाल दिला. दत्तक परदेशी गेलेल्या मुलीने असा निकाल मिळवल्याची ही पहिलीच वेळ.

त्यानंतर बाप-लेकीची थोडा वेळ भेट झाली. त्याने तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. आईचे नाव त्या भेटीत कळले नाही. हक्क सिद्ध झाला, उत्तर मिळाले नाही. आपण कोणाच्या पोटी जन्मलो हे जाणण्याचा मुलाचा हक्क मोठा, की झाकलेले झाकून ठेवण्याचा आईबापांचा? कोरियाने या प्रश्नावर अजून झगडणे थांबवलेले नाही. जुलै २०२४ पासून तिथे नवा कायदा आला. प्रत्येक बाळाच्या जन्माची खबर रुग्णालयाने सरकारला दिली पाहिजे. मात्र अडचणीत सापडलेल्या स्त्रीला नाव लपवून बाळंत होता येईल. हेतू चांगलाच आहे, जीव वाचतील. पण त्यातल्या काही बाळांना वीस-तीस वर्षांनी हाच प्रश्न पडेल.

उशिरा आलेली कबुली

ऑक्टोबर १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी आठ देशांतल्या २९ दत्तकांना आपल्या निवासस्थानी बोलावून त्यांची क्षमा मागितली. तेव्हा ती देशाने भावनेपोटी मागितलेली क्षमा होती. चूक नेमकी काय झाली, ते कोणी सांगत नव्हते. ते विचारायला दत्तकच पुढे आले. मिनेसोटात वाढलेल्या लेखिका जेन जाँग ट्रेंका यांच्यासारखे काही जण सेऊलला परत येऊन राहिले आणि एकट्या मातांना बरोबर घेऊन कायदा बदलण्यासाठी झटले. ऑगस्ट २०१२ पासून जन्माची नोंद आणि न्यायालयाची मंजुरी सक्तीची झाली. बाळ जन्मल्यावर सात दिवस तरी आईने विचार करावा, त्याआधी तिची संमती घेऊ नये, असेही ठरले.

२०२२ साली डेन्मार्कमधल्या दत्तकांनी कोरियाच्या सत्यशोधन आयोगापुढे फायलींचे गठ्ठे ठेवले. इतर देशांतलेही पुढे आले; अर्जदार झाले ३६७, देश अकरा. २६ मार्च २०२५ रोजी आयोगाने निष्कर्ष जाहीर केले : पालकांची रीतसर संमती नसताना मुले पाठवली गेली, आई-बाप असलेल्यांना अनाथ दाखवले गेले, एकाच्या कागदांवर दुसरे मूल धाडले गेले आणि सरकारने यावर देखरेख ठेवली नाही. पहिल्या टप्प्यात ५६ जणांच्या मानवी हक्कांचा भंग झाल्याचे मान्य झाले. २ ऑक्टोबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली. परदेशी दत्तक देणे २०२९ पर्यंत पूर्ण बंद करण्याचा सरकारचा बेत आहे. वर्षाला परदेशी जाणाऱ्या मुलांची संख्या आता शंभराच्याही खाली आली आहे. २०२३ साली त्या देशात दर स्त्रीमागे सरासरी ०.७२ मुले, म्हणजे एकही नाही, एवढा जन्मदर उरला होता. एके काळी मुले देऊन टाकणारा देश आज पाळणा हलावा म्हणून आर्जवे करतो आहे.

आपणही या प्रश्नापासून फार दूर नाही. भारतातूनही मुले परदेशी दत्तक गेली. मुंबई-पुण्यातल्या संस्थांमधूनही गेली. लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निर्णय देऊन या व्यवहाराला नियमांची चौकट घातली आणि १९९० मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी खास यंत्रणा उभी केली. परदेशात वाढलेली ती मुलेही आता आपली जुनी फाईल मागायला परत येतात.

आयोगाच्या निष्कर्षांनी दत्तकांचे मन हलके झाले का? काहींचे झाले. ‘आईने टाकले’ हे ओझे घेऊन जगलेल्याला, कदाचित तिने टाकलेच नव्हते, हे कळणे मोठा दिलासा आहे. पण काहींचा जुना आधारही गेला. फाईलमधली चार वाक्ये खोटी का होईनात, त्यांचा भूतकाळ तेवढाच होता. ती कोरी झाल्यावर शोध कुठून सुरू करायचा? आणि ज्यांनी ठरवून शोध घेतला नव्हता, त्यांच्यापुढे नवाच प्रश्न आला. आपली आई अजून आपल्याला शोधत असेल तर?

म्हणून हल्ली काही जण मधला मार्ग काढतात. आईला पत्र पाठवत नाहीत, दार ठोठावत नाहीत. फक्त वकिलातीत जाऊन डीएनएचा नमुना देऊन येतात. तिकडून कोणी शोधत आलेच, तर आपण सापडावे एवढीच त्यामागची इच्छा. घरी परतल्यावर वाढवणाऱ्या आईने विचारले, आज कुठे गेली होतीस, तर कोणी खरे सांगतात, कोणी नाही. आणि ज्यांनी धीर करून सांगितले, त्यांच्यातल्या काहींना उत्तर मिळाले आहे ते असे, की पुढच्या खेपेला मीही तुझ्याबरोबर येते.